गुडघा दुखत होता, बिघडलं होतं खुब्यात

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका घरी गेल्या श्रावणात मला बोलावलं ते गुडघ्यासाठी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडून हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन चालवणं हा माझा रोजचा उद्योग. काकी ७८ वर्षांच्या. मे महिन्यात न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, रॉड घातला, आणि वॉकर धरून बाल्कावापर्यंत, म्हणजे दारापुढच्या ओट्यापर्यंत, येऊ लागल्या होत्या. मग एकाएकी गुडघ्याने त्यांना पुन्हा खाटेला खिळवलं. सून रोज रात्री खोबरेलात लसूण कडकवून चोळत होती. गुडघ्याचा एक्स-रेही काढून झाला होता, आणि त्यात वयाला साजेशी झीज सोडली तर काही नव्हतं.

मी गुडघा वाकवून पाहिला. सहज वाकला. मग पाय सरळ ठेवून, टाच धरून, तो नुसता आतल्या बाजूला हलकेच वळवला, तशा काकी किंचाळल्या. हात गेला तो गुडघ्याकडे नाही, जांघेत. दुसऱ्या दिवशी खुब्याचा एक्स-रे काढला. रॉडमधून तिरका वर जाणारा जाड स्क्रू हाडाचा चेंडू फोडून सांध्यात डोकावत होता.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं यात नवल काही नाही. या दोन सांध्यांना जाणाऱ्या नसांतल्या काही समाईक आहेत, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. घरच्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण काकी बोट ठेवत होत्या ते गुडघ्यावरच. पण खुब्यात धातू असलेल्या माणसाचा त्याच बाजूचा गुडघा नव्याने दुखू लागला की आधी वर बघायचं.

२०११च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढचे लोक सुमारे ११ टक्के होते, म्हणजे केरळच्या खालोखाल. आमच्याकडे पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मुलं दुबईला नाहीतर पुण्याला, आणि आजी एकटी तुळशीला पाणी घालायला उतरते. त्यामुळे खुब्यात रॉड किंवा धातूचा बॉल असलेलं माणूस ज्या वाड्यावर एकही नाही, असा वाडा मला अजून भेटलेला नाही. ऑपरेशन झालं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण धातूची खरी परीक्षा त्यानंतर, पहिल्या तीन-चार महिन्यांत होते.

‘खुबा मोडला’ या दोन शब्दांत दोन वेगळी दुखणी असतात. मांडीचं हाड वर जिथे संपतं तिथे एक चेंडू आहे, तो कंबरेच्या वाटीत फिरतो. चेंडूच्या खाली आखूड, तिरकी मान. मानेच्या खाली रुंद गड्डा. कुशीवर झोपल्यावर बाहेरून हाताला लागतो तो. मोडतं ते एकतर मानेत किंवा गड्ड्यात, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर ठरते.

चेंडूला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या मानेला चिकटून वर चढतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. माडाचा कवाथा, म्हणजे कोवळं रोप, मूळ दुखावून दुसरीकडे लावला तर आठ-पंधरा दिवस हिरवा दिसतो, मग सुकत जातो, चेंडूचंही तसंच. एक्स-रेत तो कित्येक महिने धड दिसतो आणि मग एक दिवस बसका होतो. गड्ड्यात मोडलं तर ही भानगड नाही. तिथे रक्त भरपूर, हाड जुळायला तयार असतं. मात्र ते जुळेपर्यंत वरचं वजन आणि स्नायूंची ओढ त्याला जागेवर राहू देत नाही. थोडक्यात, मानेचा प्रश्न रक्ताचा आणि गड्ड्याचा प्रश्न वजनाचा.

म्हणून उपायही वेगळे. गड्ड्यासाठी हाडाच्या पोकळीत रॉड घालतात आणि त्यातून एक-दोन जाड स्क्रू तिरके वर चेंडूत जातात. फाईलवर ‘पीएफएन’ लिहिलेलं असतं ते हेच. किंवा हाडाच्या बाहेरच्या अंगाला प्लेट आणि तिच्यातून चेंडूत जाणारा एक स्क्रू, ते ‘डीएचएस’. मान मोडून सरकली असेल आणि माणूस म्हातारं असेल तर चेंडू काढून धातूचा घालतात, त्याला आपण ‘बॉल बदलला’ म्हणतो. माणूस तरुण असेल तर स्वतःचा चेंडू वाचवण्यासाठी स्क्रू मारून बघतात. अमेरिकी सर्जन केलॉग स्पीड यांनी १९३५ साली मानेच्या फ्रॅक्चरला ‘न सुटलेलं फ्रॅक्चर’ म्हटलं होतं. ते अजूनही पूर्ण सुटलेलं नाही.

काकींचं काय झालं ते आता नीट सांगता येईल. त्याला डॉक्टर ‘कट-आउट’ म्हणतात, आणि गड्ड्याच्या ऑपरेशननंतरचा हा सगळ्यात नावाजलेला बिघाड आहे.

आपल्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत कधी स्क्रू मारून बघितलाय? चिरा दिसायला दगड, पण आतून भोकाभोकांचा. स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. त्यावर घड्याळ टांगलं तर वर्षानुवर्षं राहील. पण फळी बसवून भांडी रचली की स्क्रू हलू लागतो, लाल भुकटी गळते, भोक खालून लांबट होतं. स्क्रूला काही झालेलं नसतं, चिरा झिजलेला असतो. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाचा चेंडू आतून असाच असतो. वजन किती पडतं बघा: साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. काकी पन्नास किलोच्या, म्हणजे प्रत्येक पावलाला तांदळाची अडीच-तीन पोती. प्रत्येक पावलाला चेंडू किंचित खाली वाकतो, स्क्रू त्याच्या आत किंचित वर चिरत जातो, आणि शेवटी टोक बाहेर येतं. टोक वाटीला घासू लागलं की जांघेत कळ, आणि काकींसारखी कधी गुडघ्यात.

चिऱ्यात कुठलीच जागा घट्ट नसते का? असते. चेंडूतही आहे. अगदी मध्यभागी आणि वरच्या पृष्ठभागाच्या जवळ हाड सगळ्यात दाट असतं. स्क्रूचं टोक तिथे पोचलं की टिकतं. बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली १९८ फ्रॅक्चर तपासून यासाठी एक साधं माप दिलं. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे घ्यायचे, दोन्हींत स्क्रूच्या टोकापासून चेंडूच्या शिखरापर्यंतचं अंतर मोजायचं आणि बेरीज करायची. बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याखाली होती अशा एकाही रुग्णात स्क्रू फोडून बाहेर आला नव्हता. मापाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला ‘टॅड’ म्हणतात. घरच्यांनी पट्टी घेऊन मोजत बसू नये, एक्स-रेत आकार मोठा दिसतो आणि तो हिशेब वेगळा करावा लागतो. पण ऑपरेशननंतर सर्जनला ‘टॅड किती आला?’ असं शांतपणे विचारायला काहीच हरकत नाही. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

स्क्रूइतकंच महत्त्व हाड कुठल्या कोनात बसवलं याला आहे. मान खाली झुकलेल्या अवस्थेत रॉड गेला तर भार स्क्रूवर जास्त पडतो आणि वर सांगितलेलं सगळं लवकर घडतं. म्हणून ‘टायटॅनियम की स्टील, देशी की परदेशी’ यावर खाटेशेजारी जो वाद रंगतो, त्यात मला फारसा रस वाटत नाही. दीनदयाळ कार्डाची (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याची) चौकशी करता करता अर्धं कुटुंब तेवढंच विचारत असतं. जागेवर बसलेलं स्टील, जागा चुकलेल्या टायटॅनियमपेक्षा कधीही बरं.

दोन स्क्रूंचा रॉड असेल तर आणखी एक विचित्र प्रकार होतो: वरचा स्क्रू आत सरकत जातो आणि खालचा बाहेर येतो, किंवा याच्या उलट. एक्स-रेत हे रोमन झेड अक्षरासारखं दिसतं म्हणून नावही ‘झेड इफेक्ट’. आत सरकणारा जांघेत दुखतो. बाहेर येणारा मांडीच्या बाहेरच्या अंगाला कातडीखाली गाठीसारखा लागतो, आणि कुशीवर झोपलं की टोचतो. पण इथे घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे स्क्रू थोडे मागे सरकावेत अशीच त्यांची घडण असते. हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन जुळावेत म्हणून त्यांना सरकायला वाट ठेवलेली असते. त्यामुळे काही मिलिमीटर मागे आलेला स्क्रू आणि सेंटिमीटरभर पाय आखूड होणं हा बऱ्याचदा बिघाड नसतो. चपलेखाली तळवा लावला की काम भागतं. सरकणं थांबलं की नाही हे महत्त्वाचं, आणि ते समजायला जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून बघावे लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे जपून ठेवा. एका घरी जुन्या फिल्म सूर्यग्रहण बघायला कापलेल्या सापडल्या होत्या. तसं करू नका; हाडासाठी नाही तर निदान डोळ्यांसाठी तरी.

आता रॉड मोडण्याबद्दल. ‘लोखंड कसं काय मोडतं हो, आणि तेही पन्नास किलोच्या बाईच्या पायात?’ असं मला एका आजोबांनी विचारलं होतं. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला हल्ली केवणीच्या सालीच्या दोराऐवजी काही जण तार घेतात. ती तार ओढून तुटत नाही, पण मागे-पुढे वाकवत राहिलं की कट्कन तुटते. धातू असाच थकतो. दिवसाला दोन हजार पावलं धरली तर त्यातली निम्मी मोडलेल्या पायावर. सहा महिन्यांत १,८०,००० वेळा रॉड वाकून सरळ झाला. तीन-चार महिन्यांत हाड जुळलं की भार हाड घेतं आणि रॉड नुसता आत पडून राहतो. हाड जुळलंच नाही तर सगळं त्या रॉडलाच निभवायचं असतं, आणि तो कधीतरी मोडतोच, बहुधा स्क्रूसाठी पाडलेल्या मोठ्या भोकाशी, कारण तिथे धातू सगळ्यात कमी. म्हणून मोडलेला रॉड बघून धातूच्या नावाने बोटं मोडण्याआधी हाड का जुळलं नाही ते शोधायला हवं. बिडी-सिगारेट, आटोक्यात नसलेला मधुमेह, आत दबून राहिलेला जंतुसंसर्ग, तुकड्यांमध्ये राहिलेली फट, यांतलं काहीतरी निघतं.

रॉडच्या खालच्या टोकाशी हाड नव्याने मोडू शकतं, हेही सांगून ठेवते. जमिनीत पुरलेला वासा नेहमी जमिनीच्या पातळीशीच मोडतो: जिथे ताठ भाग संपतो आणि मोकळा सुरू होतो तिथे ताण साठतो. मांडीच्या मधोमध नवं दुखणं आलं, विशेषतः पुन्हा घसरल्यानंतर, तर ‘रॉड आहे ना आत, काय होणार’ असं समजून चालवत ठेवू नका.

मानेच्या फ्रॅक्चरला स्क्रू मारलेले असतील तर वाट बघण्याचा काळ लांबतो. कवाथा सुकतोय की जगतोय हे कळायला दोन वर्षंही लागतात. म्हाताऱ्या माणसात सरकलेली मान स्क्रूंनी जुळवली तर सुमारे तिघांतल्या एकाला पुढे पुन्हा ऑपरेशन लागतं. म्हणूनच त्या वयात डॉक्टर थेट बॉल बदलायला सांगतात. ‘आमच्या आईचं स्वतःचं हाड का नाही वाचवलं’ अशी रुखरुख अनेकांना असते, तिचं उत्तर हे आहे.

बॉलला कट-आउटचं भय नाही, त्याची भयं निराळी. पहिल्या काही आठवड्यांत तो वाटीतून निखळू शकतो. गुडघा छातीकडे आणि आत वळलेला, अशा बसण्यात हे सहसा होतं. आपल्या घरांत ही वेळ रोज येते: पाटावर बसून जेवणं, खाली वाकून विळीवर नारळ खवणणं, भारतीय पद्धतीचा संडास, आरतीला मांडी घालून बसणं. निखळला की पाय आखूड होतो, वळतो, आणि माणूस जागचं हलत नाही. १०८ला फोन करायचा, ओढून बसवायला जायचं नाही. बॉलखालचा दांडा हाडात बसवायला कधी कधी सिमेंट वापरतात. त्याने पकड चांगली मिळते, दांड्याभोवतीचं हाड पुढे मोडायचं प्रमाणही कमी राहतं. मात्र सिमेंट भरताना काही रुग्णांचा रक्तदाब अचानक उतरतो, म्हणून भूल देणारे डॉक्टर त्या मिनिटांत कान टवकारून असतात. काही वर्षांनी दांडा सैल झाला तर मांडीत दुखतं, आणि खुर्चीवरून उठल्यावर पहिल्या चार पावलांना जास्त. वाटीतली कूर्चा झिजली तर दुखणं जांघेत येतं.

जंतुसंसर्ग खोलवर शिरायचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच, पण झाला की सगळ्यात चिवट. जंतू धातूवर बुळबुळीत थर करून बसतात, विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळासारखा, आणि रक्तातून आलेलं औषध त्या थराखाली नीट पोचत नाही. लवकर झाला तर जखम दहा-बारा दिवसांनंतरही झिरपत राहते, लाल होते, ताप येतो. उशिरा आलेला गुपचूप असतो: ताप नाही, पू नाही, फक्त रात्रीही न थांबणारं दुखणं. यात एक चूक वारंवार होते. जखम ओली दिसली की फार्मसीतून अँटिबायोटिक आणून पाच दिवस देतात. जखम वरून सुकते, आतला थर तसाच राहतो, आणि पुढे तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत. झिरपणारी जखम आधी सर्जनला दाखवा, गोळ्या नंतर.

हे सगळं वाचून ‘मग ऑपरेशनच नको, हाडवैद्याकडे पट्टी बांधू’ असं कोणाच्या मनात येत असेल तर थांबा. धातू न घालता हाड जुळायची वाट बघणं म्हणजे आठवडेच्या आठवडे खाटेवर. त्यात न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या, भ्रम. खुबा मोडलेल्या वृद्धांतले साधारण पाचातला एक ते चारातला एक पहिल्या वर्षात जातात, ते धातूच्या बिघाडाने क्वचित आणि अंथरुणाला खिळल्याने जास्त. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवणं, ही सगळी धडपड त्याचसाठी असते.

आणखी एक गोष्ट, जी रॉडच्या गडबडीत हमखास राहून जाते: चिरा भुसभुशीत होता म्हणून हे घडलं, मग चिऱ्याचं काय? हाड ठिसूळ होण्यावरचा उपचार फाईलमध्ये नसेल तर विचारा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडची वर्षाला एक सलाईन दिलेल्या रुग्णांत नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी आढळले. ते प्रत्येकाला चालतंच असं नाही. मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघून डॉक्टर ठरवतात. पण दुसरा खुबा अजून शाबूत आहे आणि तोही त्याच हाडाचा आहे.

रॉड पुढे काढायचा का, असं सगळेच विचारतात. म्हाताऱ्या माणसात त्रास नसेल तर नाही. काढल्यावर रिकाम्या भोकांतून हाड मोडायची भीती असते. एमआरआय करायचा झाला तर तो बहुतेकदा करता येतो, मात्र धातू कुठे आणि कधी बसवला ते आधी सांगायचं. मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावर यंत्र वाजलं तर मांडीवर हात ठेवून ‘रॉड आहे’ म्हणायचं, ते लोक रोज ऐकतात.

काकींचा रॉड काढला आणि त्या जागी लांब दांड्याचा बॉल बसवला. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड गेलं, रक्तही चढवावं लागलं. घरी आल्यावर सुनेने मला प्लास्टिकच्या पिशवीतला तो स्क्रू दाखवला. लखलखीत, आटे धारदार, कुठे ओरखडाही नाही. ‘यात वाईट काय होतं हो, ताई?’ तिने विचारलं. स्क्रूत काहीच नव्हतं. मी पहिल्या ऑपरेशननंतरची फिल्म खिडकीशी धरली आणि स्क्रूचं टोक चेंडूच्या वरच्या कोपऱ्यात, मध्यापासून किती लांब होतं ते तिला बोटाने दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, गुडघ्याला तेल लावायचं की बंद करायचं? मी म्हटलं, लाव, काकींना बरं वाटतं. फक्त पुन्हा कधी तिथे दुखलं तर एक्स-रे कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचा काढायला सांग, समोरून आणि बाजूनेही.